‘तुम्ही बघितली म्हणजे मी बघितली’ : जुनी गाडी दुसऱ्याने घेऊन दिली, तर कायदा काय म्हणतो?

१० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला. पोलिस गाडीच्या क्रमांकावरून नोंदणीकृत मालकापर्यंत पोहोचले, तेव्हा त्याने ती गाडी केव्हाच विकून टाकल्याचे समोर आले. त्यानंतर गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती आणि सरकारी नोंदीत मात्र जुनेच नाव राहिले होते. असा भयंकर प्रसंग सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही. परंतु गाडी एकाची, कागद दुसऱ्याचे आणि व्यवहार तिसऱ्यानेच केलेला, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही.

अगदी नेहमीचा प्रसंग घेऊ. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला सेकंडहँड गाडी हवी आहे. साताऱ्यात राहणाऱ्या काकांना गाड्यांतले कळते आणि त्यांच्या ओळखीत एक गाडी विकायची आहे. मुलगा फोनवर म्हणतो, “काका, तुम्ही बघितली म्हणजे मी बघितली. तुम्ही ठरवा, मी पैसे पाठवतो.” काका गाडी पाहतात, भाव ठरवतात, टोकन देतात आणि गाडी चालवत पुण्याला आणतात. मुलाने विश्वासाने उच्चारलेले हे वाक्य कायदा जवळजवळ शब्दशः खरे धरतो, याची त्या दोघांनाही कल्पना नसते. मोटार अपघातांच्या दाव्यांत वकील म्हणून काम करताना या एका वाक्याचे परिणाम मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटतो.

मधला माणूस नेमका कोणाचा?

शेजारच्या मावशी बाजारात निघाल्या आहेत आणि तुम्ही त्यांच्या हाती पैसे देऊन एक किलो टोमॅटो आणायला सांगता, तेव्हा त्या तुमच्या वतीने खरेदी करतात. मावशींनी आपल्या पैशाने पाच किलो टोमॅटो घेतले आणि घरी आल्यावर त्यातले एक किलो तुम्हाला विकले, तर व्यवहार वेगळा होतो. तेथे विकणाऱ्या मावशीच असतात. आणि त्या भाजीवाल्याकडून किलोमागे दोन रुपये घेऊन त्याचा माल खपवत असतील, तर त्या त्याच्या माणूस ठरतात. तिन्ही वेळा टोमॅटो तेच आणि पिशवीही तीच असते, पण ते सडके निघाले तर जाब कोणाला विचारायचा याचे उत्तर तिन्ही वेळा वेगळे येते.

पहिल्या प्रकारातील माणसाला भारतीय करार कायदा, १८७२ ‘प्रतिनिधी’ म्हणतो. ज्याच्या वतीने काम चालते त्याला या लेखात मी ‘मूळ खरेदीदार’ म्हणेन. हे नाते निर्माण होण्यासाठी मुद्रांक कागद लागत नाही. शब्दांवरून, फोनवरच्या बोलण्यावरून, एवढेच काय पण वागण्यावरूनही ते निर्माण होते. प्रतिनिधीला मोबदला मिळालाच पाहिजे असेही नाही, कारण कलम १८५ नुसार प्रतिनिधित्वाला मोबदल्याची गरज नसते. म्हणजे एक रुपयाही न घेता धावपळ करणारे काका कायद्याच्या दृष्टीने पुरेपूर प्रतिनिधी असतात. त्यांचे बोलणे पुतण्याला बांधते, आणि पुतण्याच्या सूचनेप्रमाणे वागणे, काळजी घेणे व हिशेब देणे ही काकांचीही कायदेशीर कर्तव्ये होतात.

काकांनी विकणाऱ्याला “पुतण्यासाठी बघतोय” असे सांगितलेच नाही, तर कलम २३० नुसार त्यांनी स्वतःला बांधून घेतले असे गृहीत धरले जाऊ शकते. व्यवहार फिसकटला, तर विकणारा उरलेल्या पैशांसाठी पुतण्याला सोडून थेट काकांच्या दारात उभा राहील. म्हणून मध्यस्थी करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या भेटीतच आपण कोणासाठी आलो आहोत हे सांगावे, आणि शक्यतो दोन ओळींच्या संदेशात ते लिहूनही ठेवावे.

काकांना कळले म्हणजे तुम्हाला कळले

या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली तरतूद म्हणजे करार कायद्याचे कलम २२९. मूळ खरेदीदारासाठी व्यवहार करताना प्रतिनिधीला जी माहिती मिळते, ती त्या व्यवहारातील दोन पक्षांपुरती मूळ खरेदीदारालाच मिळाली असे मानले जाते.

समजा, २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात ज्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांतलीच ही एक आहे. विकणाऱ्याने चहा पिता पिता काकांना सांगितले, “पुरात दोन दिवस पाण्यात होती, पण सगळी वायरिंग बदलून घेतलीय.” काकांना ते फारसे गंभीर वाटले नाही किंवा पुतण्याला सांगायचे राहून गेले. सहा महिन्यांनी गाडीच्या इलेक्ट्रिकल यंत्रणेत एकामागून एक बिघाड सुरू झाले. “मला पुराबद्दल अंधारात ठेवले,” असा दावा पुतण्या विकणाऱ्यावर करू शकेल का? विकणाऱ्याचे उत्तर एका वाक्यात असेल : मी तुमच्या माणसाला सांगितले होते. ते सिद्ध झाले, की पुतण्याची बाजू तेथेच कोसळते. मग त्याला दाद मागायची असेल तर ती काकांकडे, आणि घरातल्या माणसावर कोर्टात जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

एरवीही खासगी विक्रेत्याविरुद्ध खरेदीदाराची बाजू लंगडीच असते. वस्तू विक्री कायदा, १९३० चे कलम १६ म्हणते, की मालाच्या दर्जाची हमी साधारणपणे गृहीत धरली जात नाही आणि घेणाऱ्याने पारखून घ्यावे. याला असलेले मुख्य अपवाद तो माल विकण्याचा धंदा करणाऱ्याला लागू होतात. निवृत्त गृहस्थ स्वतःची एकुलती गाडी विकतात, तेव्हा ते व्यापारी नसतात. क्लच महिन्याभरात गेला, तर तो खर्च तुमचाच. विक्रेत्याने जाणूनबुजून खोटे सांगितले असेल, म्हणजे मीटर मागे फिरवून कमी किलोमीटर दाखवले किंवा मोठा अपघात लपवला असेल, तर करार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. पण खोटे कोणापुढे बोलले गेले? काकांपुढे. संदेश कोणाच्या फोनमध्ये आहेत? काकांच्या. विकणारा तोंडी बोलला असेल, तर साक्षीदारही काकाच. आपल्या प्रकरणाचा सगळा पुरावा अशा वेळी दुसऱ्याच्या खिशात असतो, म्हणून व्यवहाराचे संदेश तिघांच्या एकाच व्हॉट्सॲप गटावर ठेवण्याचा आग्रह मी धरतो.

पाच लाख सांगितले होते, साडेपाचला ठरवून आले

पुतण्याने पाच लाखांची मर्यादा घातली होती, समोर दुसरे गिऱ्हाईक उभे असल्याचे पाहून काकांनी साडेपाच लाखांना होकार देऊन पंचवीस हजारांचे टोकन दिले. हा सौदा पुतण्यावर बंधनकारक आहे का?

विकणाऱ्याला ती मर्यादा माहीत होती, तर नाही. परंतु “काका जे ठरवतील ते मला मान्य” असे पुतण्याने स्वतः विकणाऱ्याला फोनवर सांगितले असेल, तर करार कायद्याचे कलम २३७ त्याच्या आड येते. आपल्या बोलण्या-वागण्यातून ज्याने समोरच्याचा असा समज करून दिला, त्याला नंतर “माझ्या माणसाला तेवढा अधिकार नव्हता” असे म्हणता येत नाही. आणि विकणाऱ्याशी एक शब्दही न बोलता पुतण्याने गाडी ताब्यात घेऊन चालवायला सुरुवात केली, तर त्याने सौद्याला मागाहून मान्यता दिली असाच अर्थ निघतो. ही मान्यता अर्धवट देता येत नाही. गाडी ठेवतो पण वरचे पन्नास हजार देत नाही, हे कायदा चालवून घेत नाही. नापसंती असेल, तर ती किल्ली हातात घेण्यापूर्वी लेखी कळवावी लागते.

“तात्पुरती माझ्या नावावर घेतो, नंतर बदलू”

मध्यस्थाच्या तोंडचे हे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे. काका साताऱ्यातले, गाडी एमएच ११, आरटीओतली माणसे ओळखीची, त्यामुळे गाडी आधी काकांच्या नावावर करून घेणे सोयीचे वाटते. येथे मालकी हा शब्द दोन कायद्यांत दोन अर्थांनी वापरला जातो हे समजून घ्यायला हवे. पैसे दिले, गाडी ताब्यात आली आणि दोघांचा इरादा स्पष्ट असला, की वस्तू विक्री कायद्यानुसार मालकी बदलते. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे त्याला मालक मानतो. लग्न मांडवात लागते, पण रेशनकार्डावर नाव चढेपर्यंत त्या नावाचे धान्य मिळत नाही, तसे हे आहे.

याचा कस अपघातात लागतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात मे २००९ मधील एका अपघाताची भरपाई कोणी द्यायची असा प्रश्न होता. नोंदणीकृत मालकाचे म्हणणे होते, की आपण गाडी जुलै २००७ मध्येच विकली आणि त्यानंतर ती आणखी काही जणांकडे गेली. मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाने भार नोंदणीकृत मालकावर टाकला, उच्च न्यायालयाने तो शेवटच्या ताबेदाराकडे वळवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी पुन्हा नोंदणीकृत मालकावरच ठेवला. अपघातग्रस्ताने गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा कायद्याला मान्य नाही, ही त्यामागची भूमिका आहे आणि ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. विमा संपलेला असेल, किंवा चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता म्हणून कंपनीने दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करायचे ठरवले, तर पुतण्याच्या गाडीसाठी काकांची शेतजमीन जप्तीच्या यादीत येऊ शकते. गाडी गुन्ह्यात वापरली गेली, तर चालक कोण होता हे पोलिसांना सांगण्याचे कलम १३३ खालचे कर्तव्यही नोंदणीकृत मालकाचेच आहे.

पुतण्यालाही यातून धोका आहेच. काकांचे अकाली निधन झाले, तर कागदोपत्री गाडी त्यांच्या वारसांची होते. चुलत भावंडांशी संबंध चांगले असतील तर प्रश्न सुटेल, नसतील तर “पैसे मी दिले होते” हे बँकेच्या नोंदींवरून सिद्ध करत बसावे लागेल. ते सिद्ध करताना बेनामी, म्हणजे एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर केलेल्या, व्यवहारांविषयीचा कायदाही मध्ये येतो, हे फारच थोड्यांच्या लक्षात येते. त्यातील मालमत्तेच्या व्याख्येत जंगम वस्तूही बसतात. ज्ञात उत्पन्नातून पती, पत्नी किंवा मुलांच्या नावावर घेतलेल्या वस्तूंना सूट आहे, पण काका, मेहुणा किंवा मित्र त्या सुटीत येत नाहीत. एका जुन्या गाडीसाठी कोणी अशी कारवाई करेल असे मी म्हणत नाही. कोर्टात आपला हक्क सांगताना समोरचा वकील हे शस्त्र काढू शकतो, एवढे मात्र नक्की.

शिवाय नाव दोनदा बदलले म्हणजे गाडी सेकंड ओनरची थर्ड ओनर झाली. पुढे विकताना भाव पडतो तो वेगळाच.

कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या

नाव बदलण्यासाठी मुख्यतः दोन फॉर्म लागतात. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना असते आणि फॉर्म ३० हा हस्तांतरणाचा अर्ज असतो. गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. प्रत्यक्षात काय होते? मध्यस्थ विकणाऱ्याच्या सह्या घेतो, खरेदीदाराचा रकाना रिकामा ठेवतो आणि म्हणतो, “बाकीचं मी भरून घेतो.”

अशीच एक फाइल काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आली होती. फॉर्म २९ च्या दोन प्रती होत्या. घडी घालून घालून कागद मधोमध फाटायला आला होता. विकणाऱ्याची निळ्या शाईतली सही ठसठशीत होती. खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि विक्रीची तारीख हे रकाने मात्र पूर्ण कोरे होते. मधल्या तीन वर्षांत ती गाडी चार जणांनी वापरली होती आणि प्रत्येकाने तोच कागद पुढच्याच्या हाती दिला होता. सही करणारे गृहस्थ माझ्यासमोर बसून पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होते, “पण मी तर सही करून दिली होती ना.” त्यांना दावा आला होता ज्या अपघाताचा, त्या गावाचे नावही त्यांनी पूर्वी ऐकलेले नव्हते. गाडी त्यांच्या दारातून कोणत्या दिवशी गेली हे सांगणारा एक चिठोराही त्यांच्याजवळ नव्हता.

कोरा फॉर्म २९ हा सही केलेल्या कोऱ्या चेकसारखा असतो. त्याऐवजी फॉर्म पूर्ण भरून त्याचा फोटो दोघांनीही ठेवावा, आणि डिलिव्हरी नोटमध्ये गाडी सोपवल्याची तारीख व वेळ, मीटरवरचे किलोमीटर, इंजिन व चासी क्रमांक, आणि ताबा घेणारा कोणाच्या वतीने घेत आहे हे लिहावे. वेळेला फार महत्त्व आहे, कारण गाडी सकाळी अकराला सोपवली असेल, तर अकरापूर्वीचे वाहतूक दंडाचे चलन आणि अकरानंतरचे चलन यांत पैसे कोणी भरायचे याचा निकाल त्या एका नोंदीवर लागतो. दोन पक्षांमधला हिशेब त्यावरून लागतो एवढेच. अपघातग्रस्तासमोर नोंदणीकृत मालकाला ती नोट दाखवून सुटता येत नाही, म्हणून नाव बदलण्याला तो पर्याय ठरत नाही.

मध्यस्थ धंदेवाईक असेल तर?

काही वेळा ‘मालकाकडून थेट’ म्हणून दाखवलेली गाडी प्रत्यक्षात जुन्या गाड्यांचा धंदा करणारा विकत असतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केले आणि १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला आरटीओचे प्राधिकारपत्र आवश्यक ठरले. अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना सरकारच्या ‘परिवहन’ पोर्टलवर दिली, की पुढे विकली जाईपर्यंत तो डीलरच त्या गाडीचा मालक मानला जातो आणि तिच्याबाबत घडणाऱ्या गोष्टींची जबाबदारी त्याच्यावर येते. विकणाऱ्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे. म्हणून समोरचा माणूस कमिशनवर अनेक गाड्या फिरवत असेल, तर त्याच्याकडे हे प्राधिकारपत्र मागण्यात संकोच कसला? ते नसेल, तर त्याच्या अंगणात उभी असलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने अजूनही जुन्या मालकाचीच आहे हे ओळखावे.

धंदेवाईकाशी व्यवहार केल्याचा एक फायदाही आहे. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या मध्यस्थाविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. फुकट मदत करणारे काका किंवा स्वतःची गाडी एकदाच विकणारा गृहस्थ त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो, किंवा फसवणूक उघड असेल तर पोलिसांत फिर्याद.

तुमच्या मध्यस्थाने समोरच्याकडूनही गुपचूप कमिशन घेतले असेल, तर ते पचवण्याचा हक्क त्याला नाही. तुमच्यासाठी काम करताना मिळालेल्या पैशांचा हिशेब त्याने तुम्हाला द्यायचा असतो. त्याने चार लाखांत गाडी स्वतः घेतली आणि न सांगता तुम्हाला साडेचारला दिली, तर तो वरचा लाभ मागण्याचा हक्क करार कायद्याचे कलम २१६ तुम्हाला देते.

पैसे कोणाच्या हातात द्यायचे?

तुमच्या प्रतिनिधीला पैसे दिले म्हणजे विकणाऱ्याला दिले असे होत नाही. ते पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत, फक्त तो खिसा दुसऱ्याच्या सदऱ्याला शिवलेला आहे. मध्यस्थाने ते पुढे पोहोचवले नाहीत, तर विकणारा गाडी न देण्यास मोकळा असतो. उलट, पैसे स्वीकारण्याचा अधिकार विकणाऱ्यानेच त्या मध्यस्थाला दिलेला असेल, तर त्याला दिलेले पैसे विकणाऱ्याला मिळाले असे मानले जाते आणि ते बुडाले तर तोटा विकणाऱ्याचा. म्हणून ‘मधला माणूस कोणाचा’ हा आरंभीचा प्रश्न पैशाच्या वेळी अधिकच टोकदार होतो.

ऑनलाइन जाहिरातींवर फसवणुकीची एक पद्धत याच संदिग्धतेवर उभी असते. भामटा विकणाऱ्याला फोन करून गाडी घेतो म्हणतो आणि सांगतो, “माझा मेहुणा बघायला येईल, त्याच्याकडून मला येणं आहे, त्याच्यासमोर किमतीचं काही बोलू नका.” तीच गाडी तो स्वतःच्या जाहिरातीत स्वस्तात टाकतो आणि खऱ्या गिऱ्हाइकाला सांगतो, “गाडी भावाकडे उभी आहे, बघून घ्या, पैसे मला पाठवा.” दोघे सज्जन माणसे एकाच गाडीभोवती फिरतात, एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यात जातात. भामट्याकडे गाडीची मालकी नसल्यामुळे तो ती देऊ शकत नाही. स्वतःजवळ नसलेला हक्क दुसऱ्याला देता येत नाही, असे वस्तू विक्री कायद्याचे कलम २७ सांगते आणि बहुतेक वेळा खरेदीदार नागवला जातो. पण विकणाऱ्याने त्या खोट्यात सामील होऊन “हो, तो माझा भाऊच आहे” असे म्हटले असेल, तर अधिकार नव्हता हे म्हणण्याचा त्याचा हक्क त्याच कलमाखाली हिरावला जाऊ शकतो. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

यातून सुटण्याचा मार्ग फार साधा आहे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचे नाव आहे, त्याच नावाच्या बँक खात्यात तुमच्या खात्यातून पैसे पाठवावेत. एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच कारणासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई केली आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. तो दंड घेणाऱ्याला होतो, त्यामुळे पुतण्याने विश्वासाने काकांच्या हाती चार लाखांची रोकड ठेवली, तर अडचणीत काका येतात.

पुण्याला येताना खंबाटकी घाटात ठोकली तर?

गाडी ताब्यात घेऊन काका त्याच दिवशी पुण्याला निघाले आणि घाटात अपघात झाला. नाव अजून विकणाऱ्याचे आहे. समोरच्या जखमीपुरता थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला असे मानले जाते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नव्या नावावर करून घ्यावी लागते आणि पॉलिसीत बदल नोंदवण्यासाठी कायद्याने १४ दिवस दिले आहेत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, त्यामुळे थोडा फरकही भरावा लागतो. शक्य असेल तर पॉलिसी बदलण्याचा अर्ज विक्रीच्याच दिवशी करावा.

चोरीची किंवा कर्जाची गाडी निघाली तर?

चोरीची गाडी कितीही प्रामाणिकपणे विकत घेतली तरी मालकी मिळत नाही. पोलिस ती घेऊन जातात आणि पैशांसाठी विकणाऱ्याच्या मागे लागावे लागते. ती चोरीची आहे हे माहीत असेल किंवा तसे मानण्यास सबळ कारण असेल, तरच घेणाऱ्यावर गुन्हा होतो. पण निम्म्या किमतीत, आरसी नसताना, अनोळखी माणसाकडून काकांनी गाडी उचलली असेल, तर त्यांच्या दोन-चार चकरा पोलिस ठाण्यात ठरलेल्या. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकला, की विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत पडताळता येते. बोजा असेल, तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलत नाही, आणि “हप्ते फिटलेत, फक्त एनओसी यायची आहे” या बोलण्यावर पूर्ण रक्कम देणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज स्वतःच्या गाडीवर घेणे होय. ही पडताळणी पाच मिनिटांची आहे. ती काकांवर न सोपवता पुतण्याने स्वतः करावी.

आणखी एक बारकावा. नाव बदलताना अर्जात मोबाइल क्रमांक एजंट स्वतःचा टाकून मोकळा होतो, कारण ओटीपीसाठी तुम्हाला वारंवार फोन करावा लागत नाही. मग ई-चलनाचे संदेश त्याला जात राहतात आणि दोन वर्षांनी तुमच्या हाती लोकअदालतीची नोटीस पडते. नवी आरसी आल्यावर नोंदीत कोणाचा क्रमांक आहे हे अवश्य पाहावे.

“घरच्या माणसाशी एवढी लिखापढी कशाला?”

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि त्यामागची भावना मला समजते. पण लिखापढीने सर्वांत जास्त संरक्षण मिळते ते काकांनाच. करार कायद्याच्या कलम २२२ नुसार, सोपवलेले कायदेशीर काम करताना प्रतिनिधीला जे नुकसान सोसावे लागेल ते मूळ खरेदीदाराने भरून द्यायचे असते. मात्र काम काय सोपवले होते, हेच कोठे लिहिलेले नसेल तर काका काय दाखवणार? त्यासाठी एवढा संदेशही पुरतो : “काका, अमुक क्रमांकाची गाडी माझ्या नावावर, पाच लाखांपर्यंत, तुम्ही माझ्या वतीने ठरवावी. टोकन पंचवीस हजारांपेक्षा जास्त देऊ नये. कागद माझ्या नावाने करावेत.”

खरेदीदार परदेशात असेल आणि सह्यासुद्धा दुसऱ्याने करायच्या असतील, तर कुलमुखत्यारपत्र लागते. ते परदेशात केले असेल तर भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. गाडी नेमकी कोणती, कमाल किंमत किती आणि अधिकार कधी संपतो, हे त्यात लिहावे. सर्वसाधारण, सर्व कामांचे मुखत्यारपत्र एका गाडीसाठी देऊ नये. विकणाऱ्याच्या बाजूने मुखत्यार समोर आला, तर मूळ मालक हयात आहे ना हे आधी विचारावे, व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलावे, कारण मालकाच्या मृत्यूबरोबर असा अधिकार साधारणपणे संपतो. वडिलांच्या निधनानंतर मुलगा जुने मुखत्यारपत्र दाखवून गाडी विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी.

व्यवहार आधीच होऊन गेला असेल तर

गाडी तुमच्याकडे असून नाव काकांचे किंवा जुन्या मालकाचेच असेल, तर विलंब शुल्क भरून आजही नाव बदलता येते. उशीर झाला म्हणून अर्ज नाकारला जाईल या भीतीने थांबू नये. दरम्यान विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये. तुम्ही विकणारे असाल, घेणारा फोन उचलत नसेल आणि गाडी कोठे आहे हेही ठाऊक नसेल, तर विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे व मध्यस्थाचे नाव, पैसे आल्याची बँक नोंद आणि डिलिव्हरी नोटची प्रत जोडून आरटीओला फॉर्म २९ सह लेखी कळवावे, एक प्रत जवळच्या पोलिस ठाण्यात द्यावी आणि दोन्हीकडची पोच, शिक्का व तारखेसह, जपून ठेवावी.